जात्यापासून समुपदेशनापर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार शब्द लिहावेत, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, बायकांच्या मनावरचा भार आजवर कसकसा हलका होत आला, याची हकीकत सांगते.

आपल्या शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळता-कांडता त्यांनी विठ्ठलाला हाक मारली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे शेकडो वर्षे खेड्यापाड्यांतल्या बायकांनी पहाटे जात्यापाशीच मन मोकळे केले. सासुरवास, माहेरची ओढ, हातचे गेलेले मूल, सारे ओवीत यायचे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. हातांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर बोलायची जागाही गेली.

भार मात्र गेला नाही. १९७४ साली अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने, दुसऱ्यांसाठी सतत राबणाऱ्या सेवकांचे मन कसे करपून जाते, यावर लेख लिहिला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या थकव्याची व्याख्या केली, पण ती नोकरी-धंद्यापुरतीच. म्हणजे चूल, गोठा आणि आजाऱ्याच्या उशाशी केलेली जागरणे त्यात बसत नाहीत! कागदावर बसोत वा न बसोत, शीण तोच.

माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. तेव्हा माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना. कुणी म्हणाले दृष्ट काढा, कुणी म्हणाले बाहेरचे असेल. शेवटी परभणीला एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी पाऊण तास नुसते ऐकून घेतले आणि मनात येणारे विचार वहीत लिहायला सांगितले.

या पद्धतीचाही इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचे मर्म साधे आहे. ‘सगळ्यांनी मला चांगले म्हणावे’ ही इच्छा झाली. ‘म्हटलेच पाहिजे’ हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटते, हट्ट मोडला की माणूसच मोडते. माझ्या वहीत ‘सारे मीच केले पाहिजे’ हे वाक्य पुनःपुन्हा येई. ते खोडून नणंदबाईंना महिन्यातून आठ दिवस बोलावून घेतले, तेव्हा कुठे डोळ्याला डोळा लागला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया यांनी १९६० नंतरच्या काळात पातंजल योगाच्या आधारे मनोरुग्णांवर उपचार केले. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. आपल्याकडे हे लोण उशिरा आले, तेही दुःखाच्या वाटेने. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्य सरकारने १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारावर सरकारी उपचार मिळणे हा हक्क ठरला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून विनामूल्य बोलता येते.

समुपदेशनाने पाऊस पडत नाही, सावकाराचे देणे फिटत नाही, हे मीही जाणते. परंतु देणे फेडायला माणूस घरात उभे राहावे लागते. घरधनी गप्प गप्प राहू लागला, सून जेवणावरून उठू लागली, तर ‘वेड लागले’ म्हणू नये. जवळ बसावे, विचारावे, दवाखान्यात सोबत जावे.

माझी एक सूचना आहे. मंडळाच्या मासिक सभेत हळदीकुंकवानंतर अर्धा तास केवळ बोलण्यासाठी राखावा, आणि तिथले बोलणे उंबऱ्याबाहेर जाऊ नये. जाते गेले तरी ओवी सांगणाऱ्या आपण आहोतच.