फ्रँकफर्ट ते माहुल : मूत्राशयाच्या कर्करोगाचा इतिहास

१/ इ.स. १८९५. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी एक नोंद मांडली. फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. रोगाचे मूळ रुग्णाच्या नशिबात नव्हे, तर त्याच्या कामात असू शकते, याची ही खूण होती.

२/ श्वासातून वा त्वचेतून शिरलेली रसायने मूत्रपिंडे रक्तातून गाळतात. ती लघवीसह मूत्राशयात साठतात आणि त्याच्या अस्तराला इजा करतात. रोग प्रकटेपर्यंत अनेकदा काही दशके लोटतात. म्हणून कारण हाती लागणे कठीण.

३/ रेन यांचा संशय ॲनिलीनवर होता. बीटा-नॅफ्थिलअमाइनने हा रोग होतो, हे विल्हेल्म ह्यूपर यांनी १९३८ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी आली ती १९६७ साली, म्हणजे पहिल्या नोंदीनंतर ७२ वर्षांनी.

४/ हेच रसायन सिगारेटच्या धुरातही असते. या रोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. ते सोडल्यास धोका हळूहळू घटतो.

५/ परंतु हवा कशी सोडणार? चेंबूरलगतच्या माहुलच्या कोळीवाड्याशेजारी १९५४-५५ च्या सुमारास दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे रसायनांच्या टाक्याही आल्या. ग्रामस्थांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये येथील हवा आरोग्यास धोकादायक असल्याचे नमूद केले.

६/ तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबे माहुलच्या इमारतींत हलवली गेली. रहिवाशांनी लढा दिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

७/ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील प्रदूषित हवा कर्करोगकारक ठरवली. फुप्फुसाच्या कर्करोगाचा पुरावा भक्कम होता; मूत्राशयाच्या कर्करोगाशीही संबंध आढळला. मात्र यावरून माहुलमधील एखाद्या रुग्णाच्या आजाराचे कारण ठरत नाही.

८/ तंबाखू सोडणे, रसायनांच्या कामात हातमोजे व मुखपट्टी वापरणे, लघवीत रक्त दिसताच, वेदना नसली तरी, वैद्यांकडे जाणे : एवढे व्यक्तीच्या हाती आहे. रंगकामगारांना खरे संरक्षण मात्र विषारी द्रव्य कारखान्यातून हद्दपार झाल्यावरच मिळाले. माहुलच्या हवेचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.