जर्बिल (पाळीव)

जर्बिल : कृंतक गणातील म्यूरिडी कुलातला, कोरड्या मुलखात बिळे करून राहणारा लहान प्राणी. घरात पाळला जातो तो मंगोलियन जर्बिल (मेरिओनिस अंग्विक्युलेटस). लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या भागात शेतात, बांधावर आढळणारा भारतीय जर्बिल (तातेरा इंडिका) हा त्याचा भाऊबंद असला, तरी पाळण्याजोगा नाही.

इतिहास : फ्रेंच मिशनरी आर्मां दाव्हीद यांनी १८६६ मध्ये चीनच्या उत्तर भागातून मंगोलियन जर्बिलाचे नमुने पॅरिसला पाठवले. १९३५ मध्ये पकडलेल्या काही जोड्या जपानमधील प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या. त्यांचे वंशज १९५४ मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि पुढे घरोघरी गेले.

रानातला जर्बिल : भारतीय जर्बिलाची पाठ फिकट तपकिरी, पोट पांढरे, लांब शेपटीच्या टोकाला काळा झुपका. रात्री बाहेर पडून तो धान्य, मुळ्या, किडे खातो. रानातील प्लेगाच्या जंतूंचा साठा म्हणून त्याची ओळख आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला येथे १९९४ मध्ये गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले होते. त्यामुळे नांगरताना सापडलेले पिल्लू गोजिरे दिसले, तरी घरी आणू नये.

निवास : पाळीव जर्बिल एकटा राहत नाही, एकाच वेतातले दोन नर किंवा दोन माद्या आणाव्यात. नर-मादी ठेवल्यास सुमारे २५ दिवसांत पिल्ले होतात आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. अनोळखी जर्बिल एकदम एकत्र सोडल्यास जिवावर बेतेपर्यंत भांडतात. प्लॅस्टिकचा पिंजरा ते कुरतडून टाकतात. जाळीचे झाकण असलेली काचेची टाकी बरी. तिच्यात कागदाचे कपटे व वाळलेले गवत २० ते ३० सेंमी. जाड भरावे, म्हणजे बोगदे ढासळत नाहीत. अंग स्वच्छ करायला वाटीभर स्वच्छ, कोरडी, धूळ नसलेली वाळू लागते. आंघोळ घालू नये.

आहार : ज्वारी, बाजरी, राळे आणि थोडी ताजी भाजी. करडई व सूर्यफुलाचे बी तो पुढच्या पंजांत धरून झटक्यात सोलतो आणि बाकी दाणे तसेच टाकतो. या बियांत तेल फार, म्हणून त्या रोजच्या वाटीत न घालता हातावरून मोजक्याच द्याव्यात. पाणी तो कमी पितो, तरी बाटली कायम भरलेली असावी.

हवामान : याला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत टाकी ठेवू नये. माळवदाच्या घरातली थंड, अंधारी बाजू निवडावी. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. जर्बिल त्यावर पोट टेकून पसरतो. कूलरचा दमट झोत टाकीवर येऊ देऊ नये. दमटपणाने केस चिकट, विस्कटलेले होतात. पावसाळ्यातही हे पाहावे.

हाताळणी व आरोग्य : शेपटी धरून कधीही उचलू नये, टोकाची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि शेपटी तेवढी कायमची आखूड होते. तळहातावर दाणा ठेवून त्याला स्वतःहून चढू द्यावे. मागचे पाय आपटून तो धोक्याची सूचना देतो. अशा वेळी हात काढून घ्यावा. काही जर्बिलांना दचकल्यावर फेफरे येते; अशा वेळी न हलवता शांत राहू द्यावे. दात आयुष्यभर वाढत असल्याने पुठ्ठ्याच्या नळ्या कुरतडायला द्याव्यात. आयुर्मान साधारण ३ ते ४ वर्षे. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण गुराढोरांच्या डॉक्टरला एवढ्या लहान जिवाचा अनुभव असेलच असे नाही. ती चौकशी जर्बिल घरी आणण्याआधीच करावी.