वर्मावर बोट



"अगदी वर्मावर बोट ठेवलंस," असं आपण सहज म्हणतो. हे वर्म म्हणजे मूळचं मर्म: अंगावरची अशी जागा, जिथे घाव बसला तर माणूस कोलमडतो. आमच्या बचत गटांच्या बैठकांत हल्ली या जागांविषयी दोन प्रश्न येतात. चाकणच्या कंपन्यांत लाइनवर काम करणाऱ्या जणी विचारतात, "हाताला मुंग्या येतात, पॉइंट दाबून जातील का?" आणि मुलींना कराटेच्या वर्गाला घालणाऱ्या आया विचारतात, "एक बोट दाबलं की गडी आडवा होतो, असा पॉइंट खरंच असतो का?" दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच जुन्या विद्येत आहेत. म्हणून आज तिचा इतिहास.

आपल्याकडे या जागांची मोजदाद सुश्रुतसंहितेत आहे. एकूण १०७ मर्मं: हातापायांत ४४, धडात २६ आणि मान व डोक्यात ३७. ही यादी मुख्यतः शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यासाठी होती. बाण काढताना, चीर देताना कुठे हात जपायचा, हे त्याला ठाऊक हवं. मर्मांचं ज्ञान म्हणजे निम्मं शल्यशास्त्र, असं तिथे म्हटलं आहे.

आता अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा चाचपून पाहा. सुश्रुताने तिला क्षिप्र म्हटलं. इथे खोल जखम झाली तर आचके येऊन माणूस दगावतो, असं तो सांगतो. वाचताना धनुर्वाताची आठवण होते. पत्र्याने हात कापला की आपण इंजेक्शन घ्यायला धावतो ते यासाठीच.

याच जागेजवळ चिनी वैद्यांचा एक बिंदू आहे, हेगू. डोकेदुखी आणि दातदुखीसाठी ते तो दाबतात, किंवा तिथे सुई टोचतात. गरोदर बाईचा हा बिंदू मात्र दाबू नये, असाही त्यांचा जुना दंडक आहे. चिनी पद्धतीत आज असे ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. त्यांचा नकाशा वेगळा, आपला वेगळा. पण नाजूक जागेला जपून हात लावायचा, ही समज दोन्हीकडे आहे.

लढणाऱ्यांनीही ही विद्या उचलली. केरळच्या कळरीत गुरुक्कल मर्मांचे वार शिकवतात ते अगदी शेवटी, वर्षानुवर्षं पारखलेल्या शिष्याला. तेच गुरुक्कल मुरगळलेल्या, मार लागलेल्या अंगावर तेल लावून उपचारही करतात. मारणारा हातच बरं करणारा. चीनमध्येही बिंदूंवर वार करण्याची परंपरा सांगितली जाते. मात्र बोट लावताच माणूस दगड होतो, ही करामत कादंबऱ्या आणि सिनेमांनी फुगवलेली.

चिनी सुई आपल्याकडे पोचली त्या वाटेवर एक मराठी नाव भेटतं. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत ते तिथेच राहिले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. सुई त्यांनी आणली नाही. ती आणली त्याच पथकातले त्यांचे सोबती, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतून कलकत्त्यात रुग्णांवर वापरू लागले. पुढे कोटणीसांच्या नावाच्या समित्यांनी हे उपचार लोकांपर्यंत नेले. आज आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा कायदा आहे. सुई टोचून घेण्याआधी समोरच्याला नोंदणी विचारायला लाजू नका. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी.

आता ते दोन प्रश्न. दाबल्याने, चोळल्याने दुखरा हात थोडा वेळ हलका वाटतो. तेवढं जरूर करा. पण रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, तर मनगटातली नस दबत असू शकते. ईएसआयचं कार्ड घ्या, डॉक्टरांना दाखवा, आणि काम काय करता, एकच हालचाल दिवसातून किती वेळा होते, तेही सांगा. लाइनवर काम आलटून पालटून मिळावं, मध्ये हात मोकळा करायला वेळ मिळावा, हे एकटीने मागणं जड जातं. चौघी मिळून मागा. दुखणं लाइनवर असेल तर नुसता हात दाबून ते जाणार कसं?

आणि मुलींना सांगा, गुप्त पॉइंटच्या भरवशावर राहू नका. घाबरलेल्या क्षणी, अंधारात, झटापटीत बारीक जागा सापडत नाही. डोळे, गळा, गुडघा, जांघ या जागा कुणालाही सापडतात. तिथे जोरात मारायचं, ओरडायचं, सुटायचं, पळायचं आणि ११२ लावायचा. हेही सरावानेच अंगात येतं.

ज्यांना ही विद्या खरंच येत होती, त्यांनी ती चमत्कार म्हणून विकली नाही. आधी शिष्याची पारख केली, मग वर्षं घेतली. दोन दिवसांच्या शिबिरात "सगळे पॉइंट शिकवतो" म्हणणारा कुणी तुमच्या वस्तीत आला, तर त्याला एवढंच विचारा: तुम्ही किती वर्षं शिकलात, आणि कुणाकडे?