वादाचा आखाडा आणि जिभेचा लगाम

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. लीळाचरित्र सिद्ध करणारे म्हाइंभट प्रथम चक्रधरस्वामींकडे गेले ते वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने, असे परंपरा सांगते. पुढे ते त्यांचेच शिष्य झाले. धर्मवादाची ही मराठी रीत इतकी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी या आखाड्यात उतरले, तेव्हा मात्र ऐकण्यापेक्षा हरवण्याला मोल आले.

१८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. विल्सन यांनी १८३२ मध्ये उत्तर दिले. त्या उत्तराच्या इंग्रजी नावातच हिंदुधर्म ‘उघडा पाडण्याची’ भाषा होती. विल्सन थोर विद्वान होते, पण येथे विद्वत्तेला धार लावलेली दिसते. प्रतिपक्षही मवाळ नव्हता. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत, तेव्हा ऐकायला गर्दी लोटे.

विसंगती अशी की, ज्या ग्रंथाच्या प्रसारासाठी हे चालले होते, तोच ग्रंथ जिभेविषयी कमालीचा कठोर आहे. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेची तुलना घोड्याच्या लगामाशी, तारवाच्या लहानशा सुकाणूशी आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीशी करतो. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात तर भावावर रागावणे आणि त्याला मूर्ख म्हणणे हे खुनाच्याच पंक्तीला बसवले आहे. प्रतिपक्षी हा ‘भाऊ’ आहे की नाही, एवढाच काय तो प्रश्न उरतो!

नारायण वामन टिळकांना या ग्रंथाची ओळख वादाच्या सभेत झाली नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने गप्पा केल्या आणि नव्या कराराची प्रत हाती ठेवली. त्यांना खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनानेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी पुढे होती. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. जो उपदेश चव्हाट्यावर सहज करता येतो, तो स्वतःच्या घरात करताना एक उणा शब्द संसार मोडू शकत होता. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी आपला आपण सोडला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या लेखणीतही हाच पालट दिसतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेल्या ‘ज्ञानोदया’ने पूर्वी कडाक्याचे वाद झडवले होते, त्याच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे होते. खंडनापेक्षा अभंग आणि कीर्तन त्यांना जवळचे वाटले. ज्या परंपरेतून आपण आलो तिला शिव्या देऊन आपल्या माणसांशी बोलता येत नाही, हे परदेशी मिशनऱ्यापेक्षा नवख्रिस्ती मराठी माणसाला अधिक कळणे स्वाभाविकच होते.

टिळक स्वभावाने सौम्य होते, असा मात्र गैरसमज नको. ते विलक्षण तापट होते. १९१९ मध्ये ते वारले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी त्यांचा तो राग मुळीच झाकलेला नाही, आणि राग ओसरल्यावरचा त्यांचा पश्चात्तापही.