अल्टिमा: खेळाडूच्या नावाने खातं उघडणारी गेम

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते. मी एका आंधळ्या बाईला फसवलंय. एकदा नाही, सात-आठ वेळा.

थांबा, गेममध्ये. गेमचं नाव ‘अल्टिमा ४’, साल १९८५. तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीची. माझ्याही. तिच्यात मंत्र टाकायचे तर आधी लसूण, जिनसेंग, कोळ्याच्या जाळ्याचा रेशीमधागा असलं सामान विकत घ्यावं लागतं. विकणारी बाई आंधळी असते. ती किंमत सांगते आणि तुम्हाला विचारते, किती नाणी देताय? आकडा तुम्ही टाकायचा. तिला दिसत नाही, ती मोजत नाही. मी किमतीपेक्षा बरीच कमी नाणी टाकली. सामान मिळालं. काहीही झालं नाही. ना शिपाई आले, ना स्क्रीन लाल झाली. मग काय, मी पुन्हा गेले. पुन्हा तेच.

बऱ्याच तासांनी राजवाड्यात हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला भेटले. तुम्ही चांगुलपणाच्या वाटेवर किती पुढे आलात ते हा माणूस सांगतो. मी त्याला प्रामाणिकपणाबद्दल विचारलं, आणि त्याने मला तोंडावर चोर म्हटलं. गेमने सगळं लिहून ठेवलं होतं! फक्त मला दाखवलं नव्हतं.

मला मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो: आरपीजी मालिकेची स्टोरी भारी कशामुळे होते? ट्विस्टमुळे? व्हिलनमुळे? शेवटी रडवलं म्हणून? माझं उत्तर त्या आंधळ्या बाईच्या दुकानात आहे. भारी मालिका ती, जी तुमचं खातं ठेवते. किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखं. पुढचा भाग येतो तेव्हा ती वही उघडते आणि म्हणते, मागचं काय ते आधी बघू. अल्टिमा या मालिकेने हे कसं शोधलं आणि नंतर कसं हरवलं, ती आजची गोष्ट.

गोष्टीतला मुख्य माणूस म्हणजे रिचर्ड गॅरियट. अमेरिकेत टेक्सासमध्ये वाढलेला मुलगा. वडील ओवेन गॅरियट नासाचे अंतराळवीर, १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात राहून आलेले. पोराला मात्र वेड कम्प्युटरचं आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं. शाळकरी वयातच तो गेम लिहायला लागला. १९८१ मध्ये पहिली ‘अल्टिमा’ आली, १९८२ मध्ये दुसरी, १९८३ मध्ये तिसरी. गेममधल्या राजाचं नाव लॉर्ड ब्रिटिश, आणि हा राजा म्हणजे खुद्द गॅरियट. स्वतःच्याच गेममध्ये राजा होऊन बसायचं, आहे की नाही मजा!

या पहिल्या तीन गेमची स्टोरी कशी होती? सरळसोट. एक दुष्ट शक्ती आहे, तिला संपवा. पहिल्या भागात मोंडेन नावाचा जादूगार, दुसऱ्यात त्याची शिष्या मिनॅक्स, तिसऱ्यात त्या दोघांची निर्मिती एक्झोडस. तिथवर पोहोचायला तुम्ही वाटेल ते करा. दुकानं लुटा, गावकऱ्यांना मारा, कुणी विचारणार नाही. शेवटी व्हिलन मेला की तुम्ही हिरो. आजच्याही कितीतरी गेम अशाच असतात. रस्त्याने जाता जाता शंभर माणसं मारायची आणि कटसीनमध्ये शांततेवर भाषण ठोकायचं.

तिसऱ्या अल्टिमाच्या वेळी एक बदल झाला. गॅरियटने ओरिजिन सिस्टिम्स ही स्वतःची कंपनी काढली होती, त्यामुळे खेळाडूंची पत्रं थेट त्याच्याकडे यायला लागली. त्या पत्रांतून त्याला कळलं की लोक त्याची गेम जिंकण्यासाठी बेधडक चोऱ्या आणि खून करतायत. म्हणजे करणारच ना! गेमनेच तो रस्ता सोपा ठेवला होता. त्यातच काही पालकांची संतापलेली पत्रं आली. तिसऱ्या भागाच्या कव्हरवर राक्षस होता, आणि त्या काळी अमेरिकेत असल्या खेळांनी मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी भीती पसरलेली होती.

या आरोपावर दोन सोपी उत्तरं होती. एक, दुर्लक्ष करायचं. दोन, कव्हर बदलायचं. गॅरियटने तिसरंच केलं. त्याने व्हिलनच काढून टाकला.

‘अल्टिमा ४’मध्ये मारायला कुणी महाराक्षस नाही. तुम्हाला आठ सद्गुण अंगी बाणवायचे आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता. आठही जमले की तुम्ही होता ‘अवतार’. हो, आपलाच अवतार! गेमचं पूर्ण नावच ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. हा शब्द गॅरियटने हिंदू परंपरेतून उचलला. त्यामागे त्याचा विचार असा होता, की पडद्यावरचा तो बाहुला म्हणजे कुणी दुसरा हिरो नव्हे, तिथे उतरलेले तुम्हीच. म्हणजे बाहुल्याने केलेल्या पापाची जबाबदारीही तुमचीच. आज प्रोफाइलवरच्या फोटोला आपण सहज अवतार म्हणतो. त्या शब्दाला असं वजन होतं, बरं का.

हे सद्गुण मोजले कसे जायचे, तेही ऐका. भिकाऱ्याला नाणं दिलं की करुणा वाढते. वैद्याकडे रक्तदान केलं की त्याग वाढतो. लढाईतून पळालात तर शौर्य कमी. बढाई मारलीत तर नम्रता कमी. आणि आंधळ्या बाईला फसवलंत तर प्रामाणिकपणा, न्याय आणि मान, तिन्ही खाली. यातला एकही आकडा स्क्रीनवर दिसत नाही. शिक्षाही लगेच होत नाही. तुम्ही अवतार व्हायला जाता तेव्हा दार बंद असतं, एवढंच. मग आठवत बसा, आपण कुठे काय केलं होतं ते. मी बसले होते. त्या बाईकडून गरज नसताना लसूण घेत होते, पुरेपूर नाणी मोजून.

इथवर ही चांगल्या गेमची गोष्ट झाली. मालिकेची गोष्ट इथून पुढे सुरू होते. एक चांगली गेम बनवली की पुढच्या भागात काय करतात? तेच, थोडं मोठं. आणखी आठ सद्गुण, आणखी मोठा नकाशा. गॅरियटने १९८८ च्या ‘अल्टिमा ५’मध्ये तुमच्या जिंकण्याचंच काय झालं ते दाखवलं.

तुम्ही ब्रिटानियात परत येता. राजा लॉर्ड ब्रिटिश मोहिमेवर गेला होता तो परतलाच नाही. गादीवर ब्लॅकथॉर्न बसलाय. त्याने काय केलं असेल? तुमचे आठ सद्गुण कायद्यात घातलेत! उत्पन्नातला अर्धा वाटा दान करा, नाही केलात तर उत्पन्नच बंद. खोटं बोललात तर जीभ जाईल. ज्या गोष्टींसाठी मागच्या भागात तुम्ही जिवाचं रान केलंत, त्यांच्याच नावाने आता लोकांना छळलं जातंय. सद्गुण तेच, फक्त आता ते मनातून येत नाहीत, दंडुक्याच्या धाकाने येतात. तुम्ही देशाला आदर्श घालून दिलात आणि पाठ फिरवलीत. त्या आदर्शाचं पुढे काय झालं, ते बघायला आता या.

हे मला फार भारी वाटतं. दुसऱ्या भागाने पहिल्या भागाला खोटं पाडलेलं नाही. उलट त्याला गंभीरपणे घेतलं आणि विचारलं, बरं, हे खरं मानलं तर पुढे काय होईल?

आणि मग १९९० ची ‘अल्टिमा ६’. नाव ‘द फॉल्स प्रॉफेट’, म्हणजे खोटा प्रेषित. सुरुवातीलाच पंखवाल्या, शिंगवाल्या राक्षसांनी तुम्हाला पकडलंय. दगडी वेदीवर बळी देणार आहेत. ऐन वेळी तुमचे जुने सोबती येऊन सोडवतात. हे राक्षस म्हणजे गार्गॉइल. ब्रिटानियावर त्यांनी हल्ला केलाय, मंदिरं काबीज केलीयत. तुम्हाला वाटतं, चला, अखेर व्हिलन सापडला! आणि तुम्ही तलवार काढता.

काही तास खेळल्यावर शंका यायला लागते. या लोकांना भाषा आहे, पुस्तकं आहेत. त्यांचेही आठ सद्गुण आहेत, तुमच्यापेक्षा वेगळ्या तीन तत्त्वांवर उभे: संयम, उत्कटता आणि परिश्रम. त्यांच्या देशात त्यांच्याशी बोलायचं तर त्यांची भाषा शिकावी लागते. आणि मग कळतं ते असं. चौथ्या भागाच्या शेवटी तुम्ही ज्या कोडेक्सपर्यंत, म्हणजे परमज्ञानाच्या ग्रंथापर्यंत पोहोचला होतात आणि ‘जिंकलो!’ म्हणून नाचला होतात, तो ग्रंथ त्यांचाही पवित्र ग्रंथ होता. तो त्यांच्याकडून गेला. त्यांची जमीन खचायला लागली. त्यांच्या भविष्यवाणीत एक खोटा प्रेषित येऊन त्यांचा सर्वनाश करणार असं लिहिलंय, आणि तो खोटा प्रेषित म्हणजे तुम्ही. ज्या वेदीवर तुम्हाला बांधलं होतं तिथे ते स्वतःचा जीव वाचवत होते.

पाच वर्षं उघडी राहिलेली वही! १९८५ मध्ये ज्या पोराने रात्री जागून गेम संपवली, मित्रांना सांगितलं, फुशारकी मारली, त्याला १९९० मध्ये मालिका सांगते की तुझ्या त्या विजयाचं बिल दुसऱ्याच कुणीतरी भरलंय. आणि त्याला म्हणता येत नाही की ते पात्राने केलं, मी नाही. कारण अवतार तोच होता.

आणि शेवट? गार्गॉइलांना मारून गेम जिंकता येत नाही. त्यांच्या राजापुढे शरणागतीचं पदक गळ्यात घालावं लागतं. हिरोने मान तुकवायची! मग दोन भिंगं मिळवायची, एक माणसांचं, एक गार्गॉइलांचं. कोडेक्स परत शून्यात पाठवायचा आणि त्या दोन भिंगांतून दोघांनीही तो वाचायचा. ग्रंथ कुणाच्याच मालकीचा राहत नाही, वाचता मात्र दोघांना येतो. सगळं नुकसान काही भरून निघत नाही. पण खात्यात पहिला हप्ता तरी जमा होतो.

आता दुःखाचा भाग. १९९२ मध्ये सातवा भाग आला, अनेकांच्या मते मालिकेतला सर्वोत्तम. त्याच वर्षी ओरिजिन कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली. १९९४ च्या आठव्या भागात अवतार भलत्याच जगात जाऊन पडतो, जिथे आठ सद्गुणांना कुणी ओळखतच नाही. आणि १९९९ च्या नवव्या, शेवटच्या भागात एक प्रसंग आहे. अवतार एका माणसाला विचारतो, पॅलाडिन म्हणजे काय?

चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा. चौथ्या भागात मान या सद्गुणाच्या वाटेने येणारा योद्धा, कितीतरी खेळाडू स्वतःच पॅलाडिन म्हणून खेळलेले. नवीन खेळाडूला माहिती मिळावी म्हणून ते वाक्य टाकलं असणार, हे उघड आहे. पण ज्याच्या नावावर इतक्या वर्षांचं खातं होतं, त्याचीच स्मरणशक्ती गेली. नवव्या भागात त्रिमितीय ग्राफिक्स होते, संवादांना आवाज होते. चौथ्या भागात चौकोनी ठोकळे होते. तरी लोकांना आपलं वाटलं ते ठोकळ्यांचं जग, कारण त्याला तुम्ही आठवत होतात.

तुम्ही ‘मास इफेक्ट’ खेळला असाल तर तीच वही तिथे दिसेल. २००७ च्या पहिल्या भागाची सेव्ह फाइल २०१० च्या दुसऱ्यात आणि तिथली २०१२ च्या तिसऱ्यात नेता येते. पहिल्या भागात तुम्ही ज्याला मरू दिलंत तो तिसऱ्यातही मेलेलाच. म्हणूनच तिसऱ्याचा शेवट आला तेव्हा इतका गदारोळ झाला. पाच वर्षांचा हिशोब मांडलेला होता आणि शेवटी सगळ्यांना जवळपास सारखीच पावती मिळाली, असं खेळाडूंना वाटलं. त्याच वर्षी कंपनीला वाढवलेला शेवट द्यावा लागला. लोक शेवट वाईट होता म्हणून चिडले असं मला नाही वाटत. आपलं खातं कुणी वाचलंच नाही, म्हणून चिडले.

तर पुढच्या वेळी नवीन आरपीजीचा ट्रेलर बघाल तेव्हा ड्रॅगन किती मोठा आहे ते बघाच. पण एक प्रश्नही विचारा: मी मागच्या भागात जे केलं, ते या जगाला आठवतंय का?

‘अल्टिमा ४’ अधिकृतपणे मोफत मिळते, लॅपटॉपवर आरामात चालते. खेळून बघा. आणि लसूण घ्यायला गेलात तर पूर्ण पैसे द्या. तिला दिसत नाही, पण लिहिलं जातंय. भेटू पुढच्या भागात!