अवधूताचा प्रपंच : श्रीपंत महाराज बाळेकुंद्रीकर

१६ ऑक्टोबर १९०५ हा दिवस भारताच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदला गेला आहे. त्या दिवशी लॉर्ड कर्झनने केलेली बंगालची फाळणी अमलात आली आणि कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत स्वदेशी-बहिष्काराच्या चळवळीला जोर चढला. त्याच दिवशी, आश्विन वद्य तृतीयेस, बेळगावच्या मिशन शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका शिक्षकाने वयाच्या पन्नासाव्या वर्षी देह ठेवला. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी. भक्तमंडळी त्यांना ‘पंत’ म्हणत. पुढे ‘श्रीपंत महाराज बाळेकुंद्रीकर’ या नावाने ते बेळगाव, कोल्हापूर, कोकण व गोमंतक या टापूंत घरोघर पूजिले गेले.

बंगालची फाळणी १९११ साली रद्द झाली. बाळेकुंद्रीच्या आमराईत मात्र पंतांच्या पुण्यतिथीस आजही हजारोंचा मेळा भरतो. दोन घटनांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. पण सीमाभागाच्या सांस्कृतिक इतिहासात ज्याची नोंद सरकारी दप्तरात सापडत नाही, असे किती जीवन वाहत होते, याची कल्पना या एका चरित्रावरून येऊ शकते.

पंतांचा जन्म ३ सप्टेंबर १८५५ रोजी, श्रावण वद्य अष्टमीस, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवशी, आजच्या हुक्केरी तालुक्यातील दड्डी या गावी आजोळी झाला. वडील रामचंद्रपंत हे बाळेकुंद्रीचे कुलकर्णी. बाळेकुंद्री हे बेळगावच्या पूर्वेस, सांबऱ्याच्या पलीकडे, बागलकोटच्या वाटेवरचे खेडे. भोवतालच्या शिवारात बोली कानडी, कुलकर्ण्याच्या घरातील देवघरात व दप्तरात मराठी, असा त्या काळचा रिवाज होता. एकाच अंगणात दोन भाषा नांदत आणि त्यांत कोणास काही विशेष वाटत नसे.

दत्तभक्तीला तर या दुभाषिकतेची जुनीच ओळख होती. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म वऱ्हाडातील कारंज्याचा. त्यांचा दीर्घ निवास कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीस आणि पुढे भीमाकाठी गाणगापुरास झाला. वाडी आज महाराष्ट्रात व गाणगापूर कर्नाटकात आहे. ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर यांनी आपली बोली कानडी असल्याची कबुली ग्रंथारंभीच दिली आहे, आणि तोच ग्रंथ मराठी घरांत सप्ताहाच्या पारायणाचा मान मिळवून बसला. निपाणी-चिकोडीकडच्या भाविकाला वाडी जवळची आणि गाणगापूरही आपलेच. पंतांच्या भक्तीचे बीज याच मातीत पडले होते.

बाळपण खेड्यात गेल्यावर पंत इंग्रजी शिक्षणासाठी बेळगावास आले. बेळगाव हे त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे व लष्करी छावणीचे शहर होते. न्यायकचेरी, मामलेदार कचेरी, शाळा आणि छापखाने यांमुळे आसपासच्या कुलकर्णी-देशपांडे घराण्यांतील मुले तेथे येऊन राहत. गावच्या वतनावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहणे यापुढे जमणार नाही, याची जाणीव त्या पिढीला झाली होती. पंत हे घरातील ज्येष्ठ पुत्र. पाठच्या भावंडांचा भार पुढे आपल्यावर येणार, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते.

याच वयात त्यांना गुरू भेटले. बाळेकुंद्रीपासून जवळच कर्डेगुद्दीच्या डोंगराळ रानात बालमुकुंद ऊर्फ बालावधूत या नावाचे एक सत्पुरुष राहत. ते अवधूत परंपरेतील होते. बाह्य आचार आणि वेषाचे अवडंबर त्यांच्या ठायी नव्हते. इंग्रजी शाळेत शिकणारा हा तरुण त्यांच्याकडे प्रथम चिकित्सक दृष्टीने पाहत होता असे चरित्रकार सांगतात. पुढे सहवास वाढला, संशय गळून पडले आणि विशीतील दत्तात्रेयाने त्यांचा अनुग्रह घेतला. काही काळाने बालमुकुंद श्रीशैलाच्या यात्रेस निघाले. जाताना त्यांनी परंपरेची धुरा या तरुण शिष्यावर सोपविली. ते पुन्हा परतले नाहीत.

येथे पंतांच्या चरित्रातील खरा पेच उभा राहतो. ‘अवधूत’ या शब्दाचा अर्थच मुळी ज्याने सर्व काही झटकून टाकले आहे तो. घर, गोत, वर्ण, आश्रम, लौकिक, यांपैकी कशाचेही बंधन त्यास उरत नाही. अशा परंपरेची धुरा ज्याच्या खांद्यावर आली, त्याच्या दुसऱ्या खांद्यावर मात्र एका मोठ्या कुटुंबाचा संसार होता. गुरू दिसेनासे झालेले, भावंडे शिकायची, घरखर्च चालवायचा. या दोहोंपैकी एकाचा त्याग केला असता तर जगाने त्यास नावे ठेविली नसती. संन्यास घेतला असता तर लोक पायांवर लोटले असते. केवळ संसार केला असता तर एक कर्तव्यदक्ष गृहस्थ म्हणून नाव झाले असते. पंतांनी दोन्ही ओझी शेवटपर्यंत वाहिली.

त्यांनी बेळगावच्या लंडन मिशनच्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि ती सुमारे वीस वर्षे केली. लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य बेळगावात १८२० साली सुरू झाले होते, आणि तिच्या शाळेने या शहरातील इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला. पुढे हीच शाळा बेनन स्मिथ हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. मिशनच्या शाळांत बायबलचा पाठ हा नित्यक्रमाचा भाग असे. त्या काळी धर्मांतराच्या भीतीने कित्येक पालक आपली मुले अशा शाळांत पाठविण्यास कचरत, आणि हिंदू शिक्षकांकडेही समाज थोडा संशयानेच पाही. अशा ठिकाणी दत्तसंप्रदायाचा एक गुरू दोन दशके दिवसभर खडू-फळा सांभाळीत होता. पंतांनी आपला परमार्थ शाळेत नेला नाही आणि शाळेतील पोटापाण्याच्या कामास परमार्थाच्या नावाखाली कमीपणाही आणला नाही.

याच काळात, १८८४ मध्ये, जेम्स कँबेल यांनी सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. पिके, पाऊस, बाजार, जाती, देवळे, शाळा, सर्वांची मोजदाद त्यात आहे. जिल्ह्याच्या इतिहासाच्या कोणाही अभ्यासकास आजही तो टाळता येत नाही. तो छापला जात असताना पंत एकोणतीस वर्षांचे होते व त्याच शहरात शिकवीत होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर समादेवी गल्लीतील पंतांच्या घरी काय चालते, हे नोंदविण्यास कोणत्याही रकान्यात जागा नव्हती.

त्या घरात भजन चाले. भजनास येणाऱ्यांत कारकून होते, वकील होते, शेतकरी होते. स्त्रियांनाही तेथे मज्जाव नव्हता. कोणास मंत्र-तंत्राचे प्रलोभन नव्हते, चमत्काराची जाहिरात नव्हती. पंतांच्या पत्नी यमुनाबाई यांना मंडळी ‘यमुनाक्का’ म्हणत. ‘अक्का’ हे कानडी मुलखातील थोरल्या बहिणीचे संबोधन. मराठी भजन करणाऱ्या मंडळींच्या तोंडी ते सहज बसले होते. शिक्षकाच्या बेताच्या मिळकतीत येणाऱ्याजाणाऱ्यांचा पाहुणचार करणे म्हणजे काय, हे ज्या बायांनी अशी घरे चालविली त्यांनाच ठाऊक. पंतांच्या पदांत ज्या प्रेमाचा घोष पुनःपुन्हा येतो, त्याचा निम्मा व्यवहार स्वयंपाकघरात होत होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. म्हणूनच भक्तांच्या स्मरणात पंत एकटे कधीच येत नाहीत. यमुनाक्का आणि पंतबंधू यांसह सारे घरच त्यांच्या परमार्थात सामील होते.

पंतांची रचना ‘श्रीदत्तप्रेमलहरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यातील पदांची संख्या दोन हजारांहून अधिक भरते. बहुतेक पदे मराठी, काही कानडी. ती रागतालांत बांधलेली आणि मुख्यतः गाण्यासाठी केलेली आहेत. ‘भक्तालाप’, ‘बालबोधामृतसार’ यांसारखे लेखनही त्यांनी केले. भक्तांना लिहिलेली त्यांची पत्रेही जपली गेली. या सर्व लेखनात एक सूर सारखा ऐकू येतो. गुरू आणि शिष्य, देव आणि भक्त यांतील अंतर प्रेमाने नाहीसे होते. त्यासाठी घर सोडावे लागत नाही. अद्वैताचा सिद्धांत जुनाच होता, परंतु पगारदार गृहस्थाच्या दिनक्रमात तो कसा उतरवावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मध्यमवर्गापुढे नवा होता. पंत स्वतः त्याच वर्गातील असल्यामुळे त्यांचे उत्तर लोकांना आपलेसे वाटले.

हे वेगळेपण समकालीनाशी ताडून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. सावंतवाडीजवळच्या माणगाव येथे १८५४ साली जन्मलेले वासुदेवानंदसरस्वती टेंबे स्वामी हे पंतांहून अवघ्या एका वर्षाने मोठे. दोघेही दत्तभक्त, दोघेही पदरचना करणारे. टेंबे स्वामींनी पत्नीच्या निधनानंतर १८९१ साली संन्यास घेतला. दंडधारी यतीच्या कडक नियमांनी त्यांनी भारतभर पायी भ्रमण केले आणि दत्तोपासनेला शास्त्रशुद्ध आचाराचा भक्कम आधार दिला. पंतांनी आचाराचा आग्रह धरला नाही. ते बेळगाव-बाळेकुंद्रीच्या परिसरातच प्रामुख्याने राहिले आणि गृहस्थाश्रमातच देह ठेवला. एकाच दैवताच्या उपासनेला एकाच पिढीत हे दोन प्रवाह लाभले. एकास दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरविण्याचे कारण नाही. दत्तसंप्रदायाची व्याप्ती किती मोठी आहे, एवढेच यावरून लक्षात घ्यावयाचे.

१९०३ साली पंतांनी नोकरी सोडली. जेमतेम दोन वर्षांचा अवकाश त्यांना लाभला. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, लंडन मिशननेही बेळगावचे आपले कार्य अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनच्या हाती सोपविले. पंतांच्या निधनानंतर त्यांच्यावर बाळेकुंद्रीच्या आमराईत अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी समाधिस्थान उभे राहिले. बंधू आणि भक्तमंडळी यांनी पदे, प्रकरणे व पत्रे जुळवून ती छापून प्रसिद्ध करण्याचे काम चिकाटीने केले. गावाचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवणाऱ्या कुलकर्णी घराण्याने एका भावाची गाणीही तितक्याच काळजीने सांभाळली. हे जतन झाले नसते, तर पंत हे दोन पिढ्यांच्या आठवणीपुरते उरले असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरच्या दशकांत या भागातील मराठी माणसाने जे सोसले, ज्या चळवळी केल्या, त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला आहे आणि तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही. परंतु त्या सर्व काळात आश्विनातील उत्सव खंडला नाही. समादेवी गल्लीतील पंतवाड्यातून निघणारा प्रेमध्वज मिरवणुकीने बाळेकुंद्रीस जातो. चिकोडी-निपाणीकडून, कोल्हापूर-कोकणातून, गोव्यातून मंडळी येतात. बाळेकुंद्रीचे कानडी शेतकरी त्यांची सोय पाहतात. आमराईत मराठी पदे म्हटली जातात व ज्यांना मराठी लिहितावाचता येत नाही असेही पुष्कळ जण ती पाठ म्हणतात. गावाचे नावही ‘पंत बाळेकुंद्री’ असेच रूढ झाले आहे.

ग्रंथालयाच्या कपाटात ‘श्रीदत्तप्रेमलहरी’चा भाग बहुधा संतवाङ्मयाच्या खणात ठेवलेला असतो. तो इतिहासाच्या खणातही शोभेल. एका दुभाषी प्रांतात, परकी सत्ता आणि परधर्मीयांची शाळा यांच्या सावलीत, एका मध्यमवर्गीय घराने आपली भाषा, आपली श्रद्धा आणि आपला स्वाभिमान कोणाचाही द्वेष न करता कसा राखला, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. बेळगावच्या नव्या पिढीतील वाचकाने तो भाग एकदा तरी हाती घ्यावा. पदे वाचताना हेही ध्यानात ठेवावे, की ती रचणाऱ्यास दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर शाळेत हजर व्हावयाचे असे.