शेळीच्या दुधातील प्रथिने आणि संगमनेरी जातीचा प्रश्न

गोदातीरीचे पुणतांबे चांगदेवांच्या समाधीमुळे पूर्वापार प्रसिद्ध आहे. १ जून २०१७ रोजी तेथून सुरू झालेल्या शेतकरी संपाने दुधाच्या भावाचा प्रश्नही या नावाशी जोडला. हा भाव स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवरून ठरतो. प्रथिने या दुसऱ्या घटकातच मोडतात. मात्र त्यांचे रूप व प्रमाण आनुवंशिकही असते, हे विज्ञानाला उशिरा उमगले.

१९५५ साली इंग्लंडमध्ये ॲशाफेनबर्ग व ड्र्यूरी यांनी गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनाची दोन रूपे दाखविली. शेळीविषयीचा निर्णायक शोध १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये लागला. आल्फा-एस१ केसीन या प्रथिनाच्या जनुकाचे ‘ए’ व ‘बी’ हे पर्याय प्रत्येकी लिटरमागे सुमारे ३.६ ग्रॅम केसीन देतात, ‘ई’ १.६, ‘एफ’ ०.६, तर ‘ओ’ मुळीच देत नाही. सबळ पर्यायांच्या दुधापासून चीज अधिक उतरते. म्हणून फ्रेंच पैदासकारांनी बोकडांची निवड जनुक पाहून आरंभिली.

त्याच संशोधनात सानेन व आल्पाइन कळपांत दुबळे पर्याय विपुल आढळले. भारतीय जातींच्या पाहणीत सबळ पर्यायांचेच प्राबल्य दिसले. नगर, नाशिक व पुणे या जिल्ह्यांतील संगमनेरी शेळी मांस व दूध या दोहोंसाठी पाळली जाते. केवळ लिटर वाढविण्यासाठी तिचा परदेशी बोकडांशी सरसकट संकर केल्यास दूध वाढेल, परंतु त्यातील केसीन घटण्याचा संभव आहे. अल्पभूधारकाच्या दारची ही ठेव मोजल्याविना मोडणे हितावह नव्हे.